लोंबती फिलोडेंड्रॉन: कुंडी घेण्याआधी खिडकी बघा

(या भागाचा लेखी मसुदा. बोलताना झालेले 'म्हणजे', 'ॲक्च्युअली' बरेचसे काढले आहेत. सगळे निघाले नसतील, सांभाळून घ्या.)

आजचा भाग एका वेलीबद्दल आहे. मुद्दाम एकाच वेलीबद्दल. "घरात कोणकोणती झाडं लावावीत" अशा याद्या ऐकून आपण पाच झाडं आणतो. तीन महिन्यांनी त्यातली चार गेलेली असतात, पाचवं कशावर जगतंय ते कुणालाच कळत नाही. आणि मग एक वाक्य ठरलेलं असतं: "माझ्या हाताला यशच नाही."

हाताचा काही संबंध नाही. भाड्याचा फ्लॅट, एकच नीट खिडकी, दिवसभर ऑफिस, आणि भोक नसलेली देखणी कुंडी. या चार गोष्टी एकत्र आल्या की कुणाचंही झाड जातं. आज आपण एकच वेल घेऊ, ती कशी चालते ते समजून घेऊ. तेवढं कळलं की बाकीच्या बऱ्याच झाडांचंही आपोआप कळायला लागतं.

मनी प्लांट नव्हे, तिची चुलत बहीण

फिलोडेंड्रॉन या नावाच्या शेकडो जाती आहेत. आपण बोलतोय ती बदामाच्या आकाराच्या पानांची, कुंडीतून खाली लोंबणारी. शास्त्रीय नाव फिलोडेंड्रॉन हेडेरेशियम. नर्सरीत हे नाव सांगितलंत तर माळीकाका तुमच्याकडे बघतच राहतील. तिथे 'ऑक्सिकार्डियम' म्हणा. ते तिचं जुनं नाव, आणि आपल्याकडच्या नर्सऱ्यांमध्ये तेच अजून चालतं. हिरवी, पिवळट-पोपटी, आणि पानावर मधोमध पोपटी पट्टा असलेली 'ब्राझील', असे तिचे प्रकार सहज मिळतात. मखमली पानांची 'मायकन्स' थोडी शोधावी लागते.

नावाचा अर्थ छान आहे. ग्रीक भाषेत 'फिलो' म्हणजे प्रेम, 'डेंड्रॉन' म्हणजे झाड. झाडावर प्रेम करणारी. मेक्सिको आणि कॅरिबियन बेटांपासून दक्षिण अमेरिकेच्या दमट जंगलांपर्यंत ही मोठ्या झाडांच्या खोडांना धरून वर चढते. हे लक्षात ठेवा, पुढे सगळीकडे लागणार आहे. ती झाडांच्या सावलीत वाढते, आणि तिची मुळं सालीवर, कुजलेल्या पाल्यात, हवेशीर जागी असतात. चिखलात नाही.

मनी प्लांट आणि ही वेल ओळखण्यात गल्लत होते, कारण दोन्ही एकाच कुळातल्या. फरक बघायचा तर नवीन पान कसं येतं ते बघा. फिलोडेंड्रॉनचं नवीन पान एका पातळ आवरणातून बाहेर येतं, आणि नंतर ते आवरण वाळून गळून पडतं. मनी प्लांटला असं आवरण नसतं, तिचं नवीन पान आधीच्या पानाच्या देठातूनच उलगडतं. शिवाय मनी प्लांटचं पान हाताला जाड, मेणचट लागतं आणि देठाला खोबणी असते. फिलोडेंड्रॉनचं पान पातळ, मऊ, आणि बदामाची खाच खोल.

याच कुळात आपले आणखी दोन ओळखीचे चेहरे आहेत: अळू आणि सुरण. हो, फदफद्यातलं अळू. हे नातं नुसतं गंमत म्हणून सांगत नाहीये, त्याचा एक गंभीर भाग आहे. तो पुढे येतोच.

आधी प्रकाश, मग बाकी सगळं

"ही वेल अंधारातही वाढते" असं सर्रास सांगितलं जातं. अंधारात काहीही वाढत नाही. बरोबर वाक्य असं: ही वेल कमी प्रकाशात *तग धरते*. तग धरणं आणि वाढणं यात तोच फरक आहे, जो पगार वेळेवर येणं आणि पगारवाढ होणं यात आहे.

अडचण आपल्या डोळ्यांची आहे. डोळे प्रकाशाशी इतके पटकन जुळवून घेतात की खोलीचा कोपरा आपल्याला 'बऱ्यापैकी उजेडाचा' वाटतो. आकडे बघा. भर दुपारच्या उन्हात साधारण १,००,००० लक्स प्रकाश असतो. ट्यूबलाइट लावलेल्या खोलीत १०० ते ३००. म्हणजे शेकडो पटींचा फरक, आणि आपल्याला दोन्हीकडे पेपर वाचता येतो.

तुमच्या हातात मीटर आहेच. बहुतेक अँड्रॉइड फोनच्या पुढच्या बाजूला, सेल्फी कॅमेऱ्याजवळ, लाइट सेन्सर असतो. लक्स मोजणारं कुठलंही फुकट ॲप घ्या, झाड ठेवायच्या जागी फोन धरा, स्क्रीन खिडकीकडे. सकाळी अकराच्या सुमारास बघा. आकडा अगदी काटेकोर नसेल, पण दोन जागांची तुलना करायला पुरतो. २५० ते १,००० लक्स म्हणजे कमी प्रकाश: वेल जगेल, हळू चालेल. १,००० च्या वर, थेट ऊन नसलेला प्रकाश मिळाला की ती खुलते.

ॲप नको असेल तर सोपी युक्ती: झाड जिथे ठेवायचंय तिथे आपलं डोकं न्या आणि खिडकीकडे बघा. आकाश दिसतंय का? दिसत असेल तर जागा चांगली. फक्त समोरच्या बिल्डिंगची भिंत दिसत असेल तर खिडकीच्या आणखी जवळ सरका.

दिशांचं थोडक्यात. पूर्वेची खिडकी उत्तम, कोवळं ऊन चालतं. उत्तरेची चांगली. पश्चिमेच्या खिडकीत दुपारचं ऊन पानं भाजतं, तिथे पडदा लावा किंवा कुंडी दोन-तीन फूट आत घ्या. दक्षिणेच्या खिडकीची गंमत अशी की उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असल्यामुळे ऊन आत येत नाही, पण डिसेंबरमध्ये तेच ऊन तिरकं होऊन खोलीत खोलवर शिरतं. मे महिन्यात बरोबर असलेली जागा थंडीत पानं करपवू शकते.

वेल कमी प्रकाशाची तक्रार कशी करते? पानांमधलं अंतर वाढतं, नवीन पानं लहान येतात, वेल लांब पण बोडकी दिसते. 'ब्राझील'सारख्या प्रकारात पट्टा पुसट होऊन पानं नुसतीच हिरवी यायला लागतात.

पाणी: टायमर नाही, कंडिशन

"आठवड्यातून किती वेळा पाणी घालू?" हा सर्वात जास्त विचारला जाणारा प्रश्न आणि तो मुळातच चुकीचा. आमच्या भाषेत सांगायचं तर हा ठरलेल्या वेळी चालणारा जॉब नाही, ही 'इफ' कंडिशन आहे. वेल किती पाणी पिणार हे तिला किती प्रकाश मिळतो, हवा किती गरम आणि कोरडी आहे यावर ठरतं. एप्रिलमध्ये नागपुरात चार दिवसांत सुकणारी कुंडी जुलैमध्ये मुंबईत दोन आठवडे ओली राहू शकते. मग आठवड्याचा नियम दोघांना कसा लागू पडेल?

कंडिशन अशी: बोट मातीत दोन पेरं घाला. कोरडं लागलं तर पाणी. ओलं लागलं तर उद्या परत बघा. दुसरी पद्धत मला जास्त आवडते: पाणी घातल्यावर कुंडी उचलून वजनाचा अंदाज घ्या, मग दर दोन-तीन दिवसांनी उचलून बघा. आठवड्याभरात हाताला कळायला लागतं.

आणि घालायचं तेव्हा भरपूर घाला, खालच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. रोज अर्धा कप ओतलं तर वरचा थर कायम चिकचिकीत आणि तळ कोरडा, असंही होतं.

जास्त पाण्याने झाड का मरतं? मुळांनाही श्वास लागतो. मातीच्या कणांमध्ये हवेच्या पोकळ्या असतात, त्यातून त्यांना ऑक्सिजन मिळतो. त्या पोकळ्यांत पाणी भरलं की गोची होते, कारण पाण्यातून ऑक्सिजन हवेपेक्षा सुमारे १०,००० पट हळू पसरतो. मुळं गुदमरतात, कुजतात. कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही, म्हणून पानं *मलूल* होतात. आपल्याला वाटतं तहान लागलीये, आपण आणखी पाणी घालतो. घरातली बहुतेक झाडं या एका गैरसमजात जातात. म्हणून नियम पाठ करा: पानं मलूल दिसली की तांब्या उचलण्याआधी मातीत बोट घालायचं.

कुंडी आणि माती

कुंडीला भोक हवं. यात तडजोड नाही. भोक नसलेली सिरॅमिकची सुंदर कुंडी घेतली असेल तर टाकू नका, वेल नर्सरीच्या प्लॅस्टिकच्या कुंडीत ठेवा आणि ती कुंडी त्या सुंदर कुंडीच्या आत. फक्त पाणी घालताना बाहेर काढा, निथळू द्या, मग परत ठेवा.

"तळाला खडे टाकले की पाणी निघून जातं" हा समज फार पसरलेला आहे. स्वयंपाकघरातला स्पंज घेऊन बघा. पूर्ण भिजवा, आडवा धरा, पाणी ठिबकायचं थांबेपर्यंत थांबा. आता तोच स्पंज उभा करा. परत पाणी गळेल. म्हणजे आडवा असताना तळाच्या भागात पाणी अडकून होतं. कुंडीतही तळाला असा ओला थर कायम राहतो. खाली खडे टाकले की तो थर जात नाही, उलट खड्यांच्या वर सरकतो, मुळांच्या आणखी जवळ. भोकावर एखादी खापरी ठेवा माती वाहून जाऊ नये म्हणून, तेवढं पुरे.

उपाय खाली खडे टाकण्यात नाही, सगळी मातीच मोकळी करण्यात आहे. एक साधं प्रमाण: दोन भाग कोकोपीट, एक भाग गांडूळखत, एक भाग परलाइट. परलाइट महाग वाटलं तर विटांचे बारीक तुकडे किंवा कोळशाचे तुकडे चालतात. कोकोपीट आधी दोनदा पाण्यातून धुऊन घ्या, त्यात क्षार असू शकतात. नुसती लाल माती मात्र कुंडीत दगडासारखी घट्ट बसते.

खत? घरात वाढ हळू, म्हणून भूकही कमी. फेब्रुवारी ते ऑक्टोबर महिन्यातून एकदा, १९:१९:१९ चं पाण्यात विरघळणारं खत लिटरला एक ग्रॅम, बस. आणि चहाचा चोथा थेट कुंडीत टाकत असाल तर थांबा. साखर-दुधाचा चोथा मुंग्या आणि चिलटं बोलावतो. धुऊन, वाळवून कंपोस्टमध्ये टाका.

दाट वेल हवी? मग कापा

लोंबती वेल वरून बोडकी आणि खालून शेपटासारखी लांब, हे दृश्य आपण सगळ्यांनी पाहिलंय. कारण असं: शेंड्यात तयार होणारं ऑक्सिन नावाचं संप्रेरक खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतं. शेंडा कापला की तो दाब जातो, आणि मागचे डोळे फुटतात. म्हणून घाबरू नका, कापा.

कापायचं कुठे? खोडावर जिथून पान निघतं तिथे एक गाठ असते, तिला नोड म्हणतात. तिथेच तपकिरी बोंडासारखी हवाई मुळं दिसतात आणि तिथेच झोपलेला डोळा असतो. उसाची लागण पाहिली असेल तर हे नवीन नाही. शेतकरी दोन डोळ्यांची टिपरी लावतो, कारण डोळ्याशिवाय ऊस फुटत नाही. इथेही तेच. दोन-तीन गाठी असलेला तुकडा घ्या, सगळ्यात खालचं पान काढा, ती गाठ पाण्यात बुडेल असा ठेवा. उबदार दिवसांत दोन ते चार आठवड्यांत मुळं येतात. बोटभर झाली की त्याच कुंडीत वरच्या मोकळ्या जागेत लावा. वेल दाट होण्याचं सगळं रहस्य एवढंच. नुसतं पान पाण्यात ठेवलंत तर ते महिनोन्‌महिने हिरवं राहील, मुळंही काढेल कदाचित, पण वेल कधीच होणार नाही. डोळाच नाही ना.

"चोरून आणलेला मनी प्लांटच वाढतो" असं म्हणतात ना? माझा तर्क असा की चोरताना कुणी पान खुडत नाही, फांदी मोडतो, आणि फांदीसोबत गाठ येते. मागून घ्या. तरी वाढेल.

आणि हो, वेलीला मॉस स्टिक किंवा फळकुट देऊन वर चढवलं की पानं मोठी होतात. जंगलात तिची पानं फूटभर होतात ती चढल्यामुळेच. लोंबत्या वेलीची पानं लहानच राहणार, तो आजार नव्हे.

आता ज्या गोष्टी खरंच महत्त्वाच्या आहेत

पहिली: डास. बाटलीत किंवा काचेच्या बरणीत ठेवलेली फांदी फोटोत सुंदर दिसते. पण डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, आणि उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला साधारण ८ ते १० दिवस पुरतात. म्हणून दर आठवड्याला पाणी बदला. नुसतं ओतून भरू नका, आतली कड घासा, कारण अंडी काचेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात. कुंडीखालच्या बशीलाही हाच नियम. पावसाळ्यात हे टाळणं म्हणजे शेजाऱ्यांच्या बाळाशी खेळणं आहे.

दुसरी: अळूचं नातं. अळू नीट शिजलं नाही तर घशाला खाज सुटते, म्हणून आई त्यात चिंच घालते. ती खाज कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांची. फिलोडेंड्रॉनच्या पानात, देठात, सगळीकडे तेच स्फटिक आहेत, आणि ही वेल खायची नसते. रांगतं बाळ, मांजर किंवा कुत्रा यांनी पान चावलं तर तोंडाची आग होते, लाळ गळते, सूज येते, प्राण्यांना उलटी होऊ शकते. तसं झालं तर तोंड ओल्या फडक्याने पुसा, पाणी पाजा, आणि लगेच डॉक्टरांना किंवा प्राण्यांच्या डॉक्टरांना फोन करा. सूज वाढली, गिळता येईना किंवा श्वासाला त्रास झाला तर फोनवर थांबू नका, थेट जा. लोंबती वेल मांजरीला खेळणंच वाटते, तेव्हा ती उंचावर टांगा आणि टोकं छाटत राहा. मांजर ऐकणारी नसेल तर सरळ दुसरं झाड घ्या. कापणी झाल्यावर आपलेही हात धुवा, डोळ्यांना लावू नका.

तिसरी: "हवा शुद्ध होते." हा दावा १९८९ च्या नासाच्या एका अभ्यासावरून पसरला. तो प्रयोग लहान, बंद पेट्यांमध्ये केला होता. आपलं घर बंद पेटी नाही, दाराखिडक्यांतून हवा येत-जात असते. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी असे सगळे प्रयोग एकत्र तपासले. इमारतीत आपोआप होणाऱ्या हवाबदलाची बरोबरी करायला जमिनीच्या दर चौरस मीटरला १० ते १,००० झाडं लागतील, असा त्यांचा हिशोब निघाला. वन बीएचकेत एवढी झाडं ठेवलीत तर तुम्हालाच बाहेर झोपावं लागेल. दम्याचा त्रास असणाऱ्या कुणाला वेल भेट देऊन "आता बरं वाटेल" असं सांगू नका. झाड आवडतं म्हणून ठेवा. ते कारण पुरेसं आहे.

झटपट तपासणी

स्क्रीनशॉट काढून ठेवा.

- सगळ्यात जुनं, खालचं एखादं पान पिवळं: नैसर्गिक. खुडून टाका.
- एकदम बरीच पानं पिवळी, माती ओली: मुळं कुजताहेत. वेल बाहेर काढा, तपकिरी, लिबलिबीत मुळं कापा, ताज्या कोरडसर मातीत लावा. आणि आधी दोन-तीन निरोगी फांद्या पाण्यात ठेवा. बॅकअप घेतल्याशिवाय दुरुस्तीला हात घालायचा नाही.
- पानं मलूल, कुंडी हलकी: तहान. पाणी घाला, काही तासांत सावरते.
- पानांची टोकं तपकिरी: हवा कोरडी, किंवा खताचे क्षार साठलेत. एकदा भरपूर पाणी घालून माती धुऊन काढा. एसीच्या थेट झोताखाली असेल तर हलवा.
- पानांवर फिकट, करपलेले डाग: थेट ऊन.
- सकाळी पानाच्या टोकाला पाण्याचा थेंब: काळजी नको, वेल जादा पाणी बाहेर टाकते.
- देठाच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं: मिलीबग, आपला पिठ्या ढेकूण. ओल्या कापसाने पुसा, मग लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि चार थेंब भांडी घासायचं लिक्विड मिसळून संध्याकाळी फवारा. आठवड्याने परत.
- पानं धुळीने मळलेली: ओलं फडकं. दूध, तेल, बिअर काहीही नको.

रविवारचं काम

नवीन वेल आणायची असेल तर या रविवारी नर्सरीत जाऊ नका. आधी घरात फोन घेऊन फिरा, तीन जागांचे आकडे लिहून ठेवा, आणि झाडाची जागा आधी ठरवा. पुढच्या रविवारी वेल आणा. घरात आधीच एखादी असेल तर आज फक्त दोन गोष्टी करा: कुंडी उचलून खाली भोक आहे का बघा, आणि मातीत बोट घाला.

तुमच्या खिडकीतला आकडा किती आला ते आम्हाला व्हॉइस नोटवर नक्की कळवा. दिशा आणि गाव सांगायला विसरू नका, कारण सांगलीतली पश्चिमेची खिडकी आणि डोंबिवलीतली पश्चिमेची खिडकी यांत समोरच्या बिल्डिंगएवढा फरक असतो. भेटूया पुढच्या भागात.